बुबुळाला टेकणारा सूक्ष्मदर्शक

मुंबईत परळला जंतू बघण्याची परंपरा जुनी आहे. १८९९ साली हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा इथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. पुढे १९२६ मध्ये केईएम रुग्णालय उभं राहिलं, आणि जेरबाई वाडिया रोडवर हाजी बचूअली यांच्या नावाचं डोळ्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे. सगळीकडे रीत एकच: रुग्णाच्या अंगातून नमुना काढायचा आणि काचपट्टीवर घेऊन बघायचा. कॉन्फोकल मायक्रोस्कोपने ही रीत उलटी केली. इथे सूक्ष्मदर्शकच डोळ्याला टेकतो.

समजा, भात कापताना पात डोळ्याला लागते. दोन दिवस घरगुती उपाय चालतात, मग मेडिकलवाल्याने दिलेले थेंब. शहरातल्या डॉक्टरांपर्यंत पोचेतो बुबुळावर पांढरा व्रण झालेला असतो. तो जिवाणूंचा, बुरशीचा की अमिबाचा, हे स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्रावर मुरलेल्या नजरेलाही खात्रीने सांगता येत नाही. औषधं मात्र पार वेगळी. बुरशीला नॅटामायसिन लागतं, अमिबाला पीएचएमबी किंवा क्लोरहेक्सिडीन. व्रण खरवडून काचपट्टीवर बघितला तर उत्तर त्याच दिवशी मिळू शकतं. पण बुरशी वाढवून बघायला कित्येक दिवस जातात, आणि संसर्ग खोल असेल तर खरवडीत बऱ्याचदा काहीच येत नाही.

नेमका तिथे हा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक कामाला येतो. त्याची मूळ कल्पना मार्व्हिन मिन्स्की यांची. त्यांना १९५५ च्या सुमारास मेंदूतल्या पेशींचं जाळं बघायचं होतं. एका सूक्ष्म छिद्रातून फक्त एकाच थराचा प्रकाश येऊ द्यायचा, बाकीचा अडवायचा, ही त्यांची युक्ती. आज डोळा बधिर करून, जेल लावून, लाल लेसरने जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं बुबुळ थराथराने उतरत बघता येतं. एका चित्रात ४०० मायक्रॉनचा चौकोन मावतो. करड्या पार्श्वभूमीवर बुरशीचे चकाकते, फांद्या फुटलेले धागे दिसतात. अमिबाच्या गाठी दुहेरी भिंतीच्या, गोल.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात २३९ रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या यंत्राने बुरशीचे सुमारे ८६ टक्के रुग्ण अचूक ओळखले, अमिबाचे ८८. उरलेले निसटले, हेही विसरू नये. बहुतेक जिवाणू इतके बारीक की ते यात दिसतच नाहीत. शिवाय यंत्र महाग, आणि चित्र वाचणारा सरावलेला लागतो. नाहीतर बुबुळातली नसही बुरशीचा धागा वाटते. त्यामुळे खरवडीला हा पर्याय नव्हे, जोडीदार आहे.

डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सोसवत नसेल, तर कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती काढून ठेवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. स्टिरॉइडचे थेंब दुकानातून मागून घेऊ नका. बुरशी असेल तर ते तिला मोकळं रान देतात.