संरक्षण-यंत्रणा : व्यक्तिमत्त्व व प्रेरणा

चिंता, अपराधभावना वा अपयश यांपासून आत्मप्रतिमेचा बचाव करण्यासाठी व्यक्तीकडून बहुधा नकळत अवलंबिल्या जाणाऱ्या मानसिक प्रक्रियांना संरक्षण-यंत्रणा म्हणतात. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनी १८९४ मध्ये ही संकल्पना मांडली. त्यांच्या कन्या ॲना फ्रॉइड (१८९५–१९८२) यांनी १९३६ मधील आपल्या ग्रंथात दमन, प्रक्षेपण, परागती, प्रतिक्रिया-निर्मिती इ. यंत्रणांचे पद्धतशीर विवरण केले.

प्रेरणा : कोणती यंत्रणा कार्यान्वित होईल, हे धोक्यात आलेल्या प्रेरणेवर अवलंबून असते. निषिद्ध इच्छेचे सामान्यतः दमन होते. यशाची आकांक्षा दुखावली जाण्याची भीती असल्यास अपयशाची सबब आधीच निर्माण केली जाते. स्टीव्हन बर्ग्लास व एडवर्ड जोन्स यांच्या प्रयोगात (१९७८) आपले यश कशामुळे मिळाले हे न उमगलेल्या पुरुष प्रयुक्तांचा कल, पुढील चाचणीपूर्वी, कार्यक्षमता घटविणारे म्हणून सांगितलेले औषध निवडण्याकडे आढळला. त्यामुळे संभाव्य अपयशाचा दोष औषधावर जाऊन कुवतीविषयीची श्रद्धा अबाधित राहते.

व्यक्तिमत्त्व : समान प्रसंगी भिन्न व्यक्ती भिन्न मार्ग अनुसरतात. डॉन बर्न यांच्या १९६१ मधील मापनश्रेणीच्या एका टोकास धोक्याकडे दुर्लक्ष करणारे, तर दुसऱ्या टोकास त्याचाच सतत वेध घेणारे येतात. डॅनिएल वाइनबर्गर व सहकारी यांना १९७९ मध्ये असे आढळले, की चिंता नसल्याचे सांगणाऱ्या, परंतु बचावप्रवण असलेल्या व्यक्तींच्या शारीरिक प्रतिक्रिया खरोखरच अल्पचिंतित असणाऱ्यांपेक्षा तीव्र असतात. म्हणजेच, मनास न जाणवलेला ताण शरीरास जाणवतोच.

समायोजनमूल्य : हार्व्हर्ड येथे १९३८ मध्ये आरंभिलेल्या दीर्घकालीन अभ्यासाच्या आधारे जॉर्ज व्हेलंट यांनी यंत्रणांची परिपक्वतेनुसार श्रेणी लावली (१९७७). उदात्तीकरण, विनोद, परहितबुद्धी यांसारख्या परिपक्व यंत्रणांचा अवलंब करणाऱ्यांचे जीवनसमायोजन अधिक चांगले आढळले. तथापि यंत्रणेचे मूल्य प्रसंगानुसारही बदलते. हृद्‌विकाराच्या झटक्यात छातीतील वेदना अपचनाची मानणारा रुग्ण उपचारांचा मोलाचा वेळ गमावतो. उपचार सुरू झाल्यावर मात्र मर्यादित अस्वीकारामुळे त्याची भीती काही काळ सुसह्य होऊ शकते. यंत्रणेमुळे क्लेश कमी होतो, मूळ परिस्थिती बदलत नाही. म्हणून ती कोणत्या गरजेचे रक्षण करते हे जाणून घेतल्यावाचून ती एकाएकी मोडून काढणे मानसोपचारात अनिष्ट ठरू शकते.