एक ग्रंथ, एक खोली आणि साठ वर्षें

घरांत बसून केलेलें काम हें खरें काम नव्हे, अशी एक समजूत आपल्या मोठ्या कुटुंबांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. जो मनुष्य सकाळीं डबा घेऊन बाहेर पडतो तो कामाचा. आणि जो माडीवर दार लोटून लिहीत बसतो तो मोकळा! मग गॅसची टाकी आली कीं हाक त्यालाच, मूल रडूं लागलें कीं तें त्याच्याच मांडीवर, आणि अवेळीं पाहुणे आले तर त्यांच्याशीं बोलत बसण्यासहि तोच. २०२० सालच्या टाळेबंदीनें या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला. संगणकाच्या व्यवसायांतील मुलगे, लेकी, सुना यांच्या कचेऱ्या त्या वर्षीं दिवाणखान्यांत, देवघराशेजारीं, क्वचित् जिन्याच्या चौकांतहि येऊन बसल्या. पगार पूर्वीप्रमाणेंच येत राहिला, म्हणून ‘हेंहि कामच’ असें वडील मंडळींनीं मान्य केलें. परंतु ज्या कामाचा मोबदला पहिल्या तारखेस हातीं येत नाहीं, ज्याचें फळ दहा-दहा वर्षें दृष्टीस पडत नाहीं, त्याचें काय? घरांतील कोणीं ग्रंथलेखन हातीं घेतलें तर त्याला तितकीच शांतता देण्यास आपण तयार आहों काय?

हा प्रश्न मनांत आला म्हणजे अमेरिकेंतील एका संगणकशास्त्रज्ञाचें उदाहरण डोळ्यांपुढें उभें राहतें. त्यांचें नांव डोनाल्ड कनूथ. ‘दि आर्ट ऑफ कम्प्यूटर प्रोग्रॅमिंग’ या त्यांच्या ग्रंथमालेला संगणकशास्त्रांत आकरग्रंथाचा मान आहे. ज्यांच्या घरांतील कोणी संगणकाचा अभ्यास करीत असेल त्यांनीं हें नांव त्याच्यापुढें उच्चारून पाहावें. तो मान तुकविल्याशिवाय राहणार नाहीं.

पानांचा हिशेब चुकला

कनूथ यांचा जन्म १० जानेवारी १९३८ रोजीं मिल्वॉकी या शहरीं झाला. वडील ल्यूथरपंथीय शाळेंत हिशेबनिशी शिकवीत, एक लहानसा छापखाना चालवीत आणि चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत. गणित, मुद्रण आणि संगीत हीं तिन्ही या मुलाच्या वांट्यास वारशानेंच आलीं असें म्हटलें तरी चालेल.

१९६२ च्या जानेवारींत एका प्रकाशनसंस्थेनें त्यांना एक पुस्तक लिहिण्याविषयीं विचारलें. त्या वेळीं ते चोवीस वर्षांचे, डॉक्टरेटचे विद्यार्थी. विवाह होऊन एक वर्षहि पूर्ण झालें नव्हतें. मनुष्याला सोयीच्या भाषेंत लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेंत उतरविणारे जे कार्यक्रम असतात, त्यांवर एक पुस्तक हवें होतें. कनूथांनीं बारा प्रकरणांचा आराखडा केला आणि लेखनास आरंभ केला. १९६५ च्या जूनपर्यंत बाराहि प्रकरणांचा पहिला खर्डा तयार झाला. हातानें लिहिलेलीं तीन हजार पानें! त्यांचा अंदाज असा कीं, हस्तलिखिताच्या पांच पानांचें छापील एक पान होईल. म्हणजे एकूण सहाशें पानांचें पुस्तक. पहिलें प्रकरण प्रकाशकाकडे जातांच खरा हिशेब बाहेर आला. हस्तलिखिताच्या दीड पानालाच छापील एक पान लागत होतें. तेव्हां ग्रंथ दोन हजार पानांचा होणार! अखेरीस एका पुस्तकाचे सात खंड करावयाचे ठरलें. १९६८ सालीं पहिला, १९६९ सालीं दुसरा आणि १९७३ सालीं तिसरा खंड प्रसिद्ध झाला.

या वेगाची किंमतहि द्यावी लागली. १९६७ च्या उन्हाळ्यांत, घरीं दोन लहान मुलें असतां, अतिश्रमानें त्यांच्या पोटांत व्रण झाला आणि रुग्णालयांत पडून राहावें लागलें. तेव्हांपासून त्यांनीं अंगावरचीं इतर कामें कमी करण्यास सुरुवात केली. ग्रंथ मोठा असला तरी शरीर एकच आहे, हें बहुतेक लेखकांना असेंच उशिरां कळतें.

त्यांच्या पत्नी जिल यांचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. १९७३ च्या आरंभीं हें कुटुंब नॉर्वेंत राहत होतें. एका रात्रीं कनूथांना झोपेंतून जाग आली आणि एक निराळेंच छोटें पुस्तक त्यांच्या डोक्यांत घोळूं लागलें. मोठा ग्रंथ अर्धवट पडलेला. अशा वेळीं ‘आणखी एक पुस्तक लिहावयाचें आहे, पण आठवडाच लागेल’ असें पतीनें म्हटलें तर कोणती गृहिणी कपाळाला हात लावणार नाहीं? जिलबाईंनीं त्यांना ऑस्लो शहरांत हॉटेलची खोली घेऊन तेथें लिहीत बसण्यास सुचविलें! आठवड्याभरांत तें पुस्तक खरोखरच लिहून झालें व १९७४ सालीं ‘सर्रिअल नंबर्स’ या नांवानें निघालें. एका नव्या प्रकारच्या संख्यांची ती कथारूप ओळख आहे. पुढें १९८६ सालीं जिलबाईंचें स्वतःचेंहि एक पुस्तक प्रसिद्ध झालें. एकाच घरांत दोन लेखण्या चालूं शकतात, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

खिळे, मुद्रितें आणि दहा वर्षें

१९७७ सालीं दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें कनूथांच्या हातीं आलीं आणि त्यांचें मन उद्विग्न झालें. पहिली आवृत्ति शिशाच्या खिळ्यांनीं जुळविलेली होती. मध्यंतरीं ती जुनी पद्धति मागें पडली आणि अक्षरांचे प्रकाशचित्र घेऊन छापण्याची नवी पद्धति आली. तींत अक्षरें ओबडधोबड दिसत व त्यांमधील अंतरें विसंगत पडत. दुसरा एखादा लेखक प्रकाशकाला रागाचें पत्र लिहून मोकळा झाला असता. कनूथांनीं विचार केला कीं, छापील पान म्हणजे शेवटीं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची मांडणी. आणि ठिपका हवा किंवा नको, एवढेंच सांगावयाचें असेल तर तें काम संगणकाचें, म्हणजे आपलेंच आहे! त्याच वर्षीं १३ मे रोजीं त्यांनीं अक्षरजुळणीच्या एका नव्या कार्यक्रमाचें टिपण लिहिलें. त्याचें नांव ‘टेक’. कला आणि कौशल्य या दोहोंचा वाचक असलेल्या ग्रीक शब्दावरून तें घेतलें आहे.

वर्षभरांत हें काम उरकून पुन्हां ग्रंथाकडे वळावें असा त्यांचा बेत होता. प्रत्यक्षांत त्यांत जवळजवळ दहा वर्षें गेलीं. ओळ कोठें मोडावी, शब्दांत किती अंतर ठेवावें, गणिताचें चिन्ह किती उंच बसवावें, या एकेका गोष्टीसाठीं शास्त्र रचावें लागलें. अक्षरें रेखण्यासाठीं ‘मेटाफाँट’ नांवाचा दुसरा कार्यक्रम करावा लागला. इंग्रजी ‘एस्’ या अक्षराचें वळण गणितांत बसेना, म्हणून ते अनेक दिवस-रात्री झगडत होते. जिलबाईंनीं तीं रेखाटनें पाहून सहज विचारलें कीं, याला ‘एस्’चाच आकार कां देत नाहीं? घरच्या माणसाचा असा प्रश्न कधीं बोंचतो, पण तो बहुधा बरोबर असतो!

१९८६ सालीं या सर्व कामाचे पांच खंड प्रसिद्ध झाले. कार्यक्रम मात्र कनूथांनीं सर्वांना मोफत खुला केला. आज जगांतील गणिताचें व पदार्थविज्ञानाचें पुष्कळसें लेखन त्याच पद्धतीनें जुळविलें जातें. आपल्यालाहि त्याचा लाभ झाला. १९९१ सालीं हॉलंडांतील ग्रोनिंगन विद्यापीठांत फ्रान्स वेल्थुईस यांनीं मेटाफाँटच्याच साहाय्यानें देवनागरी अक्षरें तयार केलीं, आणि जोडाक्षरांसह संस्कृत, मराठी व हिंदी मजकूर या पद्धतीनें छापतां येऊं लागला.

मग हीं दहा वर्षें फुकट गेलीं काय? मूळ ग्रंथाच्या दृष्टीनें पाहिलें तर तिसऱ्या खंडानंतर चौथ्याची वाट पाहणाऱ्या वाचकांना अडतीस वर्षें थांबावें लागलें. ही हानि लहान नव्हे. परंतु आपल्या ग्रंथाचें पान नीट दिसावें या हट्टांतून एका मनुष्यानें साऱ्या जगाचा छापखाना सुधारला, हेंहि तितकेंच खरें. हिशेब कोणत्या बाजूस झुकतो, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

दार लोटून घेण्याचें धैर्य

आपल्या हातांतील वर्षें मोजकीं आहेत हें जाणून कनूथांनीं पुढें जें केलें तें धैर्याचें होतें. १ जानेवारी १९९० पासून त्यांनीं विजेवरून येणारीं पत्रें घेणें बंद केलें. १५ वर्षें त्यांचा अनुभव घेतला, तेवढा एका आयुष्याला पुरे, असें त्यांचें मत होतें. ज्याला लिहावयाचें असेल त्यानें टपालानें लिहावें, सवडीनें उत्तर मिळेल! १९९३ सालीं, वयाची पंचावन्न वर्षें होतांच, त्यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील अध्यापनांतूनहि मुदतीआधीं निवृत्ति घेतली. विश्रांतीसाठीं नव्हे, ग्रंथासाठीं.

त्यांची अभ्यासिका घरींच. पहिला खर्डा ते पेन्सिलीनें कागदावर लिहितात. टंकलेखनाचा त्यांचा वेग विचाराच्या वेगापेक्षां अधिक असल्यामुळें दोहोंचा मेळ बसत नाहीं, असें ते सांगतात. ग्रंथासाठीं वापरावयाचा संगणक त्यांनीं मुद्दाम महाजालाला न जोडतां ठेविला असल्याचें त्यांनीं २००८ सालच्या एका मुलाखतींत सांगितलें होतें. आणि याच घरांत ८१२ नळ्यांचा एक ऑर्गन आहे. लिहून थकलेल्या मनाला विसावा देण्याची सोय हाकेच्या अंतरावर! त्यांनीं रचलेली ऑर्गनवरील एक दीर्घ संगीतकृति त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशीं, १० जानेवारी २०१८ रोजीं, स्वीडनमध्यें प्रथम वाजविली गेली.

एकांतांत बसणारा मनुष्य हेकट होतो असें म्हणतात. कनूथांनीं त्यावरहि उपाय योजिला. ग्रंथांतील चूक जो प्रथम दाखवील त्याला ते दोन डॉलर छपन्न सेंट देतात. २५६ म्हणजे सोळा गुणिलें सोळा. संगणकाच्या सोळा-पद्धतींतील हें शंभर. रुपयाचे सोळा आणे मोजलेल्या आपल्या वडील मंडळींना या गमतीचें मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. हे धनादेश बहुतेक लोक वटवीत नाहींत, चौकटींत घालून भिंतीवर लावतात! बँकेच्या व्यवहारांतील फसवणुकीच्या भीतीनें २००८ पासून खऱ्या धनादेशांऐवजीं ते एका काल्पनिक बँकेचीं प्रमाणपत्रें पाठवूं लागले.

देवगिरीपासून स्टॅनफर्डपर्यंत

या ग्रंथांत आपल्या पूर्वजांना मिळालेलें स्थान पाहून वाचकांना विशेष संतोष वाटेल. मात्रावृत्तांत लघूची एक व गुरूची दोन मात्रा धरतात. मग चार मात्रांचे प्रकार किती? गुरु-गुरु, गुरु-लघु-लघु, लघु-गुरु-लघु, लघु-लघु-गुरु आणि चार लघु, असे पांच. एका मात्रेचा एक, दोहोंचे दोन, तिहींचे तीन, चोहोंचे पांच, पांचांचे आठ; प्रत्येक संख्या मागील दोहोंची बेरीज. युरोपांत ही श्रेढी फिबोनाचीच्या नांवानें ओळखली जाते. परंतु गोपाल व हेमचंद्र या भारतीय पंडितांनीं बाराव्या शतकांतच ती सांगितली होती, हें कनूथांनीं पहिल्या खंडांत नमूद केलें आहे. चौथ्या खंडांत तर पिंगलाच्या छंदःशास्त्रांतील प्रस्तार, यादवांच्या देवगिरीस बसून शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरा’त केलेली स्वरांची मांडणी, आणि नारायण पंडितानें १३५६ सालीं ‘गणितकौमुदीं’त दिलेल्या रीति यांचा परामर्श आहे. सात स्वर एकेकदांच घेऊन उलटसुलट मांडले तर ५०४० प्रकार होतात. ते एकहि न गाळतां क्रमानें कसे लिहावे, हाच आजच्या संगणकापुढीलहि प्रश्न आहे. ज्या प्रस्ताराकडे आपण पाठांतराची कटकट म्हणून पाहत आलों, तो सातासमुद्रांपलीकडील एका विद्वानानें घरीं बसून आदरानें वाचला!

चौथ्या खंडाचा पहिला भाग २०११ सालीं व दुसरा २०२२ सालीं निघाला. १९६२ पासून २०२२ पर्यंत साठ वर्षें झालीं, आणि सात खंडांचा संकल्प तेव्हांहि पुरा झालेला नव्हता. तो पुरा होईल कीं नाहीं याची चिंता करण्यापेक्षां रोजचें पान नीट लिहावें, असाच हा जीवनक्रम आहे.

आपल्या घरांतून कनूथ निर्माण होतीलच असें नाहीं. पण कोणी मुलगा कचेरीचें काम आटोपून रात्रीं पुस्तक लिहीत असेल, कोणी सून ओट्यावरचें आवरल्यावर संशोधनाचे कागद पसरीत असेल. तर त्यांना काय द्यावें? खोली देतां आली तर उत्तमच. ती नसेल तर एक कोपरा, एक दिवा, आणि ज्या दोन तासांत कोणी हाक मारणार नाहीं असे ठरलेले दोन तास. सुनेला हे दोन तास मिळण्यासाठीं स्वयंपाकघरांतील कोणाला तरी तेवढा वेळ उभें राहावें लागेल, हेंहि स्पष्ट बोलावें. आणि ‘पुस्तक कधीं संपणार?’ हा प्रश्न शक्यतों विचारूं नये. त्याऐवजीं ‘आज काय लिहिलेंस?’ असें विचारावें, व उत्तर बसून ऐकावें.