टीएसएच नॉर्मल, तरीही?

रत्नागिरीत मे महिन्यात सगळे घामानं निथळत असताना घरातली एखादी बाई पंखा बंद करायला सांगते. तिला थकवा, बद्धकोष्ठता असते, केसही गळतात. ही थायरॉइड मंदावल्याची लक्षणं असू शकतात, पण दवाखान्यात 'वयाचं आहे' म्हणून टॉनिकवर बोळवण होते. आम्ही बांगडा खाणारे, आम्हाला कसला थायरॉइड, असाही एक समज आहे. पण आयोडीन भरपूर असूनही शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटू शकते. हाकारू हाशिमोतो यांनी या आजाराचं वर्णन १९१२ मध्येच केलं होतं.

मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी टीएसएच पाठवून थायरॉइडला कामाला लावते. थायरॉइडचं हार्मोन, म्हणजे मुख्यतः टी-फोर, कमी पडलं की टीएसएच वाढतं, म्हणून डॉक्टर आधी तेच पाहतात. पण पिट्युटरीच लुळी पडली तर? बाळंतपणात फार रक्त गेलं, तर तिचा रक्तपुरवठा तुटू शकतो. हा शीहान सिंड्रोम. अंगावर दूध येत नाही, पाळी परतत नाही, थकवा वर्षानुवर्षं रेंगाळतो. रिपोर्टात टीएसएच नॉर्मल आणि न तपासलेलं फ्री टी-फोर मात्र खाली!

त्या बाळंतपणाबद्दल खरं तर डॉक्टरांनीच विचारायला हवं. नाही विचारलं, तर आपण सांगावं: रक्त किती गेलं, बाटल्या चढवल्या का, दूध आलं का. मग फ्री टी-फोरबरोबर सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे पिट्युटरीच्याच हुकमावर चालणारं दुसरं हार्मोनही तपासायला सांगावं. तेही कमी असेल, तर आधी त्याचं औषध आणि मगच थायरॉइडची गोळी. क्रम उलटला तर जिवावर बेतू शकतं.