काच पारदर्शक, मग रंग बल्बचा

मे महिन्याच्या दुपारी रायपूरच्या मालवीय रोडवरून गोल बाजाराकडे वळायचं म्हणजे चालकाची परीक्षाच असते. ई-रिक्षा, हातगाड्या, सामान उतरवणारे टेम्पो, पूजेचं साहित्य आणि मसाले घ्यायला निघालेली माणसं, सगळं एकाच रस्त्यावर. त्यात सीजी ०४ पाटीच्या स्थानिक गाड्या आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून नातेवाइकांकडे आलेल्या नागपूरच्या एमएच ३१ गाड्या. हॉर्न सगळेच वाजवतात, त्यामुळे हॉर्नवरून कोण कुठे वळणार हे कुणालाच कळत नाही. ते सांगतो फक्त इंडिकेटर. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात तो समोरच्या स्कूटीवाल्याला दिसला, तरच त्याचा उपयोग.

पूर्वी या दिव्याची काच नारिंगी असे आणि आत साधा, बिनरंगी बल्ब लागे. १९९० च्या दशकापासून कोपऱ्यातल्या पारदर्शक काचांची फॅशन आली. गाडीचा चेहरा स्वच्छ दिसू लागला, पण रंग देण्याचं काम काचेकडून बल्बकडे गेलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे वळण दाखवणारा दिवा नारिंगीच हवा. म्हणजे पारदर्शक काचेमागे बिनरंगी बल्ब बसवला, तर गाडी समोरच्याला पांढरा दिवा उघडझाप करून दाखवते. हेडलाइट आणि पार्किंग लाइटच्या पांढऱ्या उजेडाशेजारी तो खुणेसारखा दिसतच नाही. अमेरिकेत पुढचे इंडिकेटर एके काळी पांढरेच असत. १९६३ च्या मॉडेलपासून तिथेही ते नारिंगी झाले.

तेव्हा पारदर्शक काचेसाठी दुकानात मागायचा तो नारिंगी काचेचा बल्ब. बहुतेक गाड्यांत त्याचं नाव पीवाय २१ डब्ल्यू असतं. त्यातला ‘वाय’ पिवळ्या-नारिंगी रंगासाठी, २१ म्हणजे वॅट. त्याचा बिनरंगी भाऊ पी २१ डब्ल्यू. दोन्ही बल्ब हातात शेजारी शेजारी धरले की पितळी टोपीवरच्या दोन बारीक खिळ्या नीट बघाव्यात. बिनरंगी बल्बच्या खिळ्या अगदी समोरासमोर, १८० अंशांवर असतात. नारिंगी बल्बच्या १५० अंशांवर, म्हणजे एका बाजूला सरकलेल्या. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. पारदर्शक काचेच्या दिव्यात चुकून बिनरंगी बल्ब बसूच नये, म्हणून होल्डरच्या खाचाही तशाच तिरक्या कापलेल्या असतात.

आणि तरीही तो बसवला जातो. हाताशी योग्य बल्ब नसला की एखादी खिळी कानशीने घासून टाकायची, बल्ब दाबून फिरवायचा आणि गिऱ्हाइकाला ‘झालं काम’ म्हणून पाठवायचं, ही सवय रस्त्याकडेच्या कामांत सर्रास दिसते. खिळी घासलेला बल्ब होल्डरमध्ये सैल राहतो, खड्ड्यात हलतो, टोकाशी ठिणग्या पडून संपर्कबिंदू काळा होतो. रंगही चुकतो. ज्या अडचणीमुळे बल्ब बसत नव्हता, ती अडचण कुणीतरी विचारपूर्वक ठेवलेली होती, हे गाडीमालकाने अशा वेळी ठणकावून सांगायला हवं.

उलट फसगतही होते. मोटारसायकलच्या इंडिकेटरसाठी १० वॅटचा नारिंगी बल्ब येतो, आरवाय १० डब्ल्यू. त्याच्या खिळ्याही १५० अंशांवरच, त्यामुळे तो मोटारीच्या होल्डरमध्ये विनातक्रार बसतो. पण उजेड निम्म्याहून कमी. प्रमाणित आकडे सांगायचे तर पीवाय २१ डब्ल्यू २८० ल्युमेन देतो, आरवाय १० डब्ल्यू ७५. म्हणून नुसतं ‘नारिंगी, तिरक्या खिळ्यांचा’ म्हणून भागत नाही. टोपीवर कोरलेले वॅट वाचावेत. तिथेच वर्तुळातलं ई आणि आकडा असेल, तर तो बल्ब आंतरराष्ट्रीय मानकानुसार मंजूर झालेला असतो. बिनखिळीच्या, नुसत्या काचेच्या बुडाच्या बल्बचे होल्डर असतील तर नाव बदलतं, डब्ल्यूवाय २१ डब्ल्यू. गाडीच्या पुस्तिकेत हे नाव छापलेलं असतं.

स्वस्त बल्बवर रंगाचा नुसता मुलामा असतो. उष्णतेने तो तडकतो, पापुद्रे निघतात आणि काही महिन्यांत नारिंगी बल्बचा उजेड ठिकठिकाणी पांढरा पडतो. खरेदी करताना नखाने हलकेच खरवडून बघायला दुकानदाराची हरकत नसावी.

काहींना आणखी एक गोष्ट खटकते. दिवा बंद असतानाही पारदर्शक काचेतून नारिंगी बल्ब दिसतो आणि बल्बमागच्या आरशात त्याचं प्रतिबिंब अंड्याच्या बलकासारखं पसरतं. त्यासाठी चंदेरी लेपाचे बल्ब निघाले. बंद असताना ते आरशात मिसळून जातात, पेटले की उजेड नारिंगीच पडतो. दिसायला सुरेख आहेत, पण उजेड मानकाइतका आहे की नाही हे पाहूनच घ्यावेत. नावाजलेल्या कंपनीचा आणि मंजुरीची खूण असलेला असेल तर हरकत नाही.

एलईडीचा मोह तर सगळ्यांनाच होतो. इथे दोन अडचणी आहेत. पहिली आरशाची. इंडिकेटरचा आरसा बारीक तारेच्या जागेचा हिशेब धरून घडवलेला असतो. एलईडीचे ठिपके त्या जागी नसले, तर हातभर अंतरावरून डोळे दिपवणारा दिवा काही पावलांवर तिरकस कोनातून मंद दिसतो, आणि बाजारात समोरचा बहुधा तिरकसच येतो. दुसरी अडचण विजेची. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर खेचतो. तीन वॅटचा एलईडी फक्त पाव. दिव्याची उघडझाप करवणाऱ्या फ्लॅशरला वाटतं, बल्ब गेला. मग तो चालकाला सावध करण्यासाठी दुप्पट वेगाने टकटकू लागतो. मानकात मिनिटाला ६० ते १२० उघडझापा बसतात.

यावर एलईडीला चालणारा फ्लॅशर बदलून घेणं बरं. ६ ओहमचा रेझिस्टर जोडण्याचा दुसरा मार्ग सोपा वाटतो, पण तो पेटलेल्या क्षणी चोवीस-पंचवीस वॅट नुसती उष्णता करून टाकतो. प्लास्टिकला किंवा वायरिंगला टेकवून ठेवला तर वितळवतो. पत्र्यावरच घट्ट बसवला पाहिजे. एलईडी लावायचाच असेल तर पारदर्शक काचेमागे नारिंगी एलईडीच हवा. पांढरा कितीही झगझगीत असला तरी इथे चालणार नाही.

नवा बल्ब टाकूनही उजेड मिणमिणता राहिला, किंवा इंडिकेटर लावला की शेजारचा पार्किंग लाइटही धुगधुगू लागला, तर दोष बल्बचा नाही, अर्थिंगचा आहे. रायपुरात पावसाळ्यानंतर अशा गाड्या गॅरेजला येऊ लागतात. होल्डर काढून हिरवट गंज पॉलिश पेपरने घासला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. काचेच्या आत पाण्याचे थेंब असतील तर तिचा रबर गॅस्केटही त्याच वेळी बदलावा, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच.

डावा बल्ब गेला असेल तर उजवाही बदलून टाकावा. दोघांचं वय सारखंच असतं. जुन्याची काच आतून काळपट झाली असेल, तर ती टंगस्टनची वाफ बसून झालेली असते आणि तो बल्ब पेटत असला तरी उजेड चोरतो. मग गाडी दुपारच्या उन्हात उभी करून, इंडिकेटर लावून, दहा-पंधरा पावलं मागे जाऊन समोरून आणि तिरक्या बाजूने बघावं. पुढच्या पंखावरचा छोटा बल्बही तेव्हाच तपासावा. तो पाच वॅटचा असतो आणि त्याची काच पारदर्शक असेल तर डब्ल्यूवाय ५ डब्ल्यू, म्हणजे नारिंगीच, लागतो. गाडीला घासून चालणाऱ्या पादचाऱ्याला बहुतेक वेळा तेवढाच दिसतो.