वनस्पतींचे आच्छादन आणि पावसाचे मुरणे : वसईच्या संदर्भात

वसईच्या पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर आहे व पश्चिमेस समुद्र. मधल्या सखल पट्टीत पडलेला पाऊस विहिरीत जावयाचा की खाडीत, हे बव्हंशी भूपृष्ठाच्या अवस्थेवर अवलंबून असते. उघड्या जमिनीवर आदळणारा थेंब मातीचे कण विलग करतो. ते रंध्रांत बसून वर पापुद्रा धरतो, आणि खालची माती कोरडी असतानाही पाणी वाहून जाते. झाडोरा असेल तेथे पाने व पालापाचोळा हा आघात सोसतात, आणि कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या व गांडुळांची बिळे यांवाटे पाणी खाली उतरते. मराठीत या क्रियेस ‘मुरणे’ म्हणतात. लोणच्यासही तोच शब्द लागतो, व तो यथार्थ आहे. दोहोंस अवधी लागतो.

तथापि झाडे जमिनीतील पाणी शोषून बाष्परूपाने परतही करतात. तेव्हा झाडे लावली की विहिरी भरल्या, हे समीकरण सरसकट खरे नव्हे.

किनाऱ्यालगत प्रश्न केवळ साठ्याचा नाही. भूगर्भात गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते; त्याची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर उंच असल्यास त्याचा थर, तत्त्वतः, सुमारे ४० मीटर खोल जातो. मुरणे थोडे घटले तरी खारे पाणी वर सरकते ते यामुळे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर कित्येक दिवस जलमय होता, परंतु तुंबलेले पाणी म्हणजे मुरलेले पाणी नव्हे. वाड्यांतील बावखले पावसाळ्याचे पाणी धरून ते सावकाश जमिनीत सोडतात. बावखल बुजविल्यावर भोवतालची केळीची बाग राहिली, तरी ती उणीव पुरती भरून निघत नाही.