चौकोन कलतो, त्रिकोण का नाही?

विज्ञान दिनाची प्रदर्शनं आटोपली. थर्माकोलचे ज्वालामुखी, विकतच्या किटमधल्या पवनचक्क्या आणि शेजारी पाठ केलेलं भाषण म्हणणारी मुलं. यातलं बरंचसं काम आदल्या रात्री आईबाबांनी केलेलं असतं, हे परीक्षकही ओळखून असतात. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती त्यातून फारसं काही लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

त्याला गुल खरवडलेल्या आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हला लावतात ती बारीक रबरी नळी द्या. नळीच्या बोटाच्या पेराहून लहान तुकड्यात दोन्हीकडून काडी खुपसली की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण, चारांचा चौकोन. आता दाबून बघू दे. चौकोन कलून त्याची शंकरपाळी होते, त्रिकोण ढिम्म हलत नाही. सांधे तर सगळे सारखेच लवचीक! तीन बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरून जातात, चार बाजूंचं तसं नसतं. पण हे तुम्ही सांगू नका. चौकोनाला तिरकी काडी लावावी, हे त्याचं त्याला सुचू दे. सांध्याला सुईने भोक तेवढं तुम्ही पाडून द्या. काडी तिथे आखूड पडते. मग मूल खराट्याचा हीर शोधून आणतं, नाहीतर चौकोनच कलता करतं. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. त्यानंतर रेल्वेच्या पुलात, विजेच्या मनोऱ्यात, पत्र्याच्या छताच्या कैचीत त्याला त्रिकोण दिसू लागतात.

हा काड्यांचा खेळ घरोघरी नेणारे अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे अभियंते. पुण्यात टेल्कोत नोकरी करताना 1978 मध्ये रजा काढून ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले. पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून खेळणी घडवली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

होशंगाबादचं मोठेपण मात्र मला परीक्षेत दिसतं. 1972 मध्ये सोळा शाळांतून सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात मुलं पुस्तक उघडं ठेवून पेपर लिहीत आणि प्रयोग करून दाखवत. सरकारने तो 2002 मध्ये बंद केला. आपल्या शाळांना निदान प्रदर्शनापुरता तो धडा गिरवता येईल: भाषण ऐकू नका, मॉडेल मोडून मुलालाच पुन्हा जोडायला सांगा आणि त्याचेच गुण द्या.