यावलच्या घरात बेस: पहिला अ‍ॅम्प कोणता?

खानदेशी वरातीत बँडगाडीमागे जो चाललाय, त्याला खालचा सूर कानाआधी छातीत वाजतो हे वेगळं सांगावं लागत नाही. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते, साध्या गिटारची ८२ वर. म्हणूनच बेस साध्या गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पला जोडून आवाज चढवला की स्पीकरचा पडदा फडफडतो, कधी फाटतोही.

घरच्या सरावाला १५ ते २५ वॉट आणि ८ इंची स्पीकर पुरतो. फेंडरचा रम्बल २५ याच मापाचा. त्याला हेडफोनची सोय आहे, मोबाइल जोडायला ऑक्सही. अहिराणी गाणं लावून सोबत वाजवा, शेजारी निवांत झोपतील! ड्रमसेटसमोर मात्र हा दबतो. तिथे १०० वॉटच्या आसपासचा गडी लागतो.

खिसा फारच हलका? व्हॉक्सचा बेससाठीचा अ‍ॅमप्लग थेट वाद्यात खोचायचा. तो दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी सराव थांबत नाही. कुणाकडे कीबोर्डचा अ‍ॅम्प पडून असेल तर तोही चालून जातो.

जुना अ‍ॅम्प बघायला भुसावळ-जळगावला जाताना बेस सोबत न्यावा, जाड तार मोकळी छेडावी आणि बटणं फिरवताना खरखर येते का ते ऐकावं.